संगणक बदलताना फॉन्ट, फाइली आणि डिझाइनची सॉफ्टवेअर कशी न्यावीत

विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप व तुलनेने नवा प्रोसेसर लागत असल्यामुळे आठ-दहा वर्षे इमानाने राबलेली कित्येक यंत्रे डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पाने जुळवण्याच्या, टेबलांवरून उतरू लागली. नवा संगणक घेणे हा त्यातला सोपा भाग आहे. अवघड भाग दुसऱ्या दिवशी सुरू होतो. कोरलड्रॉ, फोटोशॉप, इनडिझाइन आपापल्या जागी बसतात, फाइली हार्ड डिस्कवरून उतरतात, आणि गेल्या वर्षीची लग्नपत्रिका उघडावी तर ‘श्री गजानन प्रसन्न’च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल शाबूत असते, सॉफ्टवेअरही शाबूत असते. या दोहोंना बांधून ठेवणारा फॉन्ट जुन्या यंत्रावर राहिलेला असतो. सॉफ्टवेअर पुन्हा उतरवून घेता येते, फाइलींची प्रत कोणालाही करता येते. कामाची खरी घडी फॉन्ट, लिंका आणि सेटिंग यांच्यात असते, आणि ती जुन्या यंत्रावरच उलगडून घ्यावी लागते.

जुने यंत्र चालू असतानाची कामे

आधी वेळ निवडावी. दिवाळी अंकाची पाने लागत असताना, लग्नसराईत किंवा निवडणुकीच्या फ्लेक्सची रांग लागलेली असताना यंत्र बदलू नये. दोन्ही संगणक निदान महिनाभर शेजारी-शेजारी चालू राहतील अशी सोय करावी. जुने यंत्र बदलीत देऊन नव्याच्या किमतीत चार पैसे कमी होतात हे खरे, पण त्या मोहापायी ते पहिल्याच दिवशी दुकानदाराच्या हाती देणे महागात पडते.

त्यानंतर एक साधी वही घ्यावी. तिच्यात यंत्रावरील प्रत्येक सॉफ्टवेअरचे नाव, नेमकी आवृत्ती, सीरियल क्रमांक, ज्या ईमेलवर परवाना नोंदवला आहे तो पत्ता आणि वेगळे विकत घेतलेले प्लगइन लिहून काढावेत. ईमेलची नोंद क्षुल्लक वाटते, परंतु सात वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या ऑपरेटरच्या खासगी पत्त्यावर परवाना नोंदवलेला निघाल्याची उदाहरणे थोडी नाहीत. हा घोळ जुन्या यंत्रावरचे सॉफ्टवेअर चालू असेपर्यंतच निस्तरून घेतलेला बरा.

विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर पुष्कळदा वनड्राइव्हशी जोडलेले असतात. अशा वेळी फाइलीचे नाव यादीत दिसते, पण शेजारी ढगाचे चिन्ह असेल तर ती फाइल प्रत्यक्षात डिस्कवर नसते. प्रत करण्यापूर्वी त्या फोल्डरवर उजवी टिचकी देऊन तो कायम याच यंत्रावर ठेवण्याचा पर्याय निवडावा आणि सगळ्या फाइली उतरेपर्यंत थांबावे.

लिंका: फोटो नेमका कुठे आहे?

इनडिझाइनच्या पानावर दिसणारा फोटो सहसा त्या फाइलीच्या आत नसतो. तो डिस्कवर जिथे ठेवला आहे तिथला पत्ता इनडिझाइन लक्षात ठेवते. ग्राहकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो डाउनलोड्समधून थेट पानावर ओढून टाकण्याची सवय बहुतेकांना असते. परिणामी चालू कामाचा फोल्डर जपून नेला तरी अर्धे फोटो डाउनलोड्समध्ये आणि डेस्कटॉपवर राहून जातात. माझ्या हातून हे एकदा झाले आहे. एका गावच्या जत्रेचे पत्रक दुसऱ्या वर्षी केवळ तारखा बदलून छापायचे होते. फाइल उघडली तेव्हा मंदिराच्या फोटोच्या जागी पूर्वदर्शनाचे धूसर चित्र उरले होते, आणि मूळ फोटो असलेला जुना संगणक मी तोवर स्वच्छ फॉरमॅट करून भाच्याला देऊन टाकला होता.

यावर उपाय म्हणजे पॅकेज. इनडिझाइनच्या फाइल मेनूतील पॅकेज हा आदेश दिला की मूळ फाइलीची प्रत, जोडलेली सर्व चित्रे आणि वापरलेले फॉन्ट एका फोल्डरमध्ये गोळा होतात. त्याच चौकटीत आयडीएमएल (इनडिझाइनचाच एक फाइल-प्रकार) आणि पीडीएफ या दोन्ही प्रती सोबत घेण्याचे पर्याय असतात. ते दोन्ही निवडावेत. आयडीएमएलमुळे ती फाइल जुन्या आवृत्तीतही उघडता येते, आणि पीडीएफ पुढे पडताळणीच्या वेळी लागणार आहे. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. ॲडोबी फॉन्ट्स या सेवेतून चालू केलेले फॉन्ट पॅकेजमध्ये येत नाहीत. ते नव्या यंत्रावर त्याच खात्याने पुन्हा चालू करावे लागतात. दुसरे म्हणजे पानावर इलस्ट्रेटरची फाइल ठेवली असेल आणि तिच्या आत आणखी एखादा फोटो जोडलेला असेल, तर त्या इलस्ट्रेटर फाइलीचे पॅकेज स्वतंत्रपणे करून घ्यावे. इलस्ट्रेटरमध्येही तशी सोय आहे. फोटोशॉपमध्ये ती जोडलेल्या स्मार्ट ऑब्जेक्टसाठी, म्हणजे बाहेरच्या फाइलीतून जोडलेल्या चित्रासाठी, आहे. कोरलड्रॉमध्ये चित्र साधारणपणे फाइलीच्या आतच येते, पण कोणी ते बाहेरून लिंक केले असेल तर तोच प्रश्न उद्भवतो, आणि तिथे कलेक्ट फॉर आउटपुट हा आदेश उपयोगी पडतो.

दहा वर्षांच्या प्रत्येक फाइलीचे पॅकेज करणे कोणालाही शक्य नाही, तसे करूही नये. चालू कामे, दरवर्षी परत येणारी कामे, म्हणजे दिनदर्शिका, अहवाल, अंक, शाळांच्या गुणपत्रिका, आणि नेहमीच्या ग्राहकांची बोधचिन्हे एवढ्यांचे पॅकेज करावे. उरलेल्यांसाठी एक सोपी युक्ती आहे: जुन्या यंत्रावर काम डी ड्राइव्हवर असेल, तर नव्या यंत्रावरही डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्याच अक्षराचा ड्राइव्ह करावा आणि फोल्डरांची नावे व त्यांची रचना एका अक्षराचाही बदल न करता तशीच ठेवावी. पत्ता तोच राहिला की लिंका आपोआप सापडतात. फोल्डर ‘जरा नीट लावून घेऊ’ ही इच्छा बदलाच्या महिन्यात आवरावी.

फॉन्ट, आणि त्यातही मराठीचे फॉन्ट

इंग्रजीत काम करणाऱ्याचा फॉन्ट हरवला तर अक्षराचे वळण बदलते, पण मजकूर वाचता येतो. मराठीत तसे नाही, आणि याचे कारण युनिकोडपूर्व काळात, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना सामाईक क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धत रुळण्याआधीच्या काळात, आहे. त्या वेळच्या फॉन्टांमध्ये ‘क’, ‘ख’, काना, वेलांटी हे आकार रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवलेले होते. फाइलीत प्रत्यक्षात साठवलेली असतात ती रोमन चिन्हेच. त्या विशिष्ट फॉन्टमधून पाहिली तरच ती मराठी दिसतात. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीची एक, सी-डॅकच्या आयएसएममधील फॉन्टांची दुसरी. एका घराण्याच्या मजकुराला दुसऱ्या घराण्याचा फॉन्ट लावला की पुन्हा कचराच दिसतो. याउलट युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची स्वतंत्र जागा असल्यामुळे फॉन्ट बदलला तरी मजकूर मराठीच राहतो.

म्हणून जुने फॉन्ट नेताना ‘याच नावाचा दुसरा’ चालत नाही, हीच फाइल हवी. नावे फसवी असतात याचे एक उदाहरण देतो. मॅकमध्ये श्री देवनागरी ७१४ हा फॉन्ट आधीपासूनच असतो. तो युनिकोड आहे. जुन्या श्रीलिपीच्या कामात जो श्री-देव-०७१४ आढळतो तो युनिकोडपूर्व मांडणीचा आहे. मॅकवर आलेल्या नव्या माणसाला वाटते की फॉन्ट तर आहेच, आणि तो सगळ्या मजकुराला हा नवा फॉन्ट लावून बसतो.

फॉन्ट कुठून उचलायचे हेही नीट समजून घ्यावे. विंडोजचा सर्वांना माहीत असलेला फॉन्ट्स फोल्डर म्हणजे सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरच्या आतला. परंतु विंडोज १० च्या २०१८ मधील आवृत्तीपासून, फॉन्टवर नुसती टिचकी मारून तो बसवला तर तो त्या फोल्डरमध्ये न जाता वापरकर्त्याच्या ॲपडेटा या दडवलेल्या फोल्डरमध्ये, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज आणि मग फॉन्ट्स अशा वाटेने जाऊन बसतो. जुन्या यंत्रावरून केवळ पहिल्या फोल्डरची प्रत घेणाऱ्याचे अलीकडचे सगळे फॉन्ट मागे राहतात ते यामुळे. दोन्ही ठिकाणच्या प्रती घ्याव्यात आणि नव्या यंत्रावर बसवताना उजव्या टिचकीतील सर्व वापरकर्त्यांसाठी बसवण्याचा पर्याय निवडावा. मॅकवरही असेच दोन फोल्डर असतात, एक सर्वांच्या लायब्ररीत आणि एक वापरकर्त्याच्या.

पेजमेकर या पानजुळणीच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या काळातील काही फॉन्ट टाइप १ या प्रकारचे, म्हणजे पीएफबी आणि पीएफएम अशा जोडीने येणारे असतात. ॲडोबीने फोटोशॉपमध्ये २०२१ साली आणि इतर सॉफ्टवेअरमध्ये जानेवारी २०२३ मध्ये त्यांचा आधार काढून टाकला, त्यामुळे ते विंडोजमध्ये बसवले तरी नव्या इनडिझाइनच्या यादीत दिसणार नाहीत. त्याच फॉन्टची ट्रूटाइप प्रत विक्रेत्याकडून मिळते का हे जुन्या यंत्रावर असतानाच विचारावे. मिळत नसेल तर जी कामे मजकूर न बदलता फक्त पुन्हा छापायची आहेत ती जुन्या यंत्रावरच कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे चित्राकृतींत रूपांतर करून, त्यांची वेगळी प्रत ठेवावी. मूळ फाइल मात्र जशीच्या तशी जपावी, कारण कर्व्ह केलेल्या ओळीतली एक वेलांटीही पुढे सुधारता येत नाही.

आता डोंगल, म्हणजे परवान्याची खूण म्हणून यंत्राला लावावे लागणारे छोटे कुलूप. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या संचाबरोबर आलेले कुलूप पंचवीस पिनांच्या प्रिंटर पोर्टचे असेल, तर नव्या यंत्रावर ते लावायला जागाच नसते, आणि बाजारात मिळणारे यूएसबीचे जोडयंत्र प्रिंटरपुरते असल्यामुळे त्यावर डोंगल बहुधा ओळखला जात नाही. यूएसबीचा डोंगल असला तरी त्याचा ड्रायव्हर ६४ बिटांचा लागतो, कारण विंडोज ११ फक्त ६४ बिटांतच येते आणि ३२ बिटांचे ड्रायव्हर तिथे चालत नाहीत. यासाठी विक्रेत्याशी बोलून नवा ड्रायव्हर किंवा बदली कुलूप मिळवावे, आणि ते हाती येईपर्यंत जुन्या यंत्रातला डोंगल काढू नये. डोंगल हरवणे म्हणजे परवानाच हरवणे. त्याला सुतळीने चिठ्ठी बांधून ठेवणारे एक काका माझ्या परिचयाचे आहेत, आणि त्यांना हसणाऱ्या आम्हा सगळ्यांपेक्षा ते शहाणे ठरले.

ऑपरेटरचा हात ज्या कळफलकावर बसला आहे त्याचे नाव वहीत लिहायला विसरू नये. विंडोजमधला साधा मराठी कळफलक इन्स्क्रिप्ट असतो. टंकलेखन यंत्राच्या मांडणीवर वीस वर्षे काढलेल्या माणसापुढे तो ठेवला तर काम आठवडाभर ठप्प होते.

पेजमेकरचे अवशेष

पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७ होती आणि ती २००१ मध्ये आली. तरीही जिल्ह्याच्या ठिकाणी आजही तिच्या फाइली सापडतात. या फाइली इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्यांत उघडत होत्या. पुढच्या क्रिएटिव्ह क्लाउडच्या आवृत्त्यांत ती सोय राहिलेली नाही. ज्यांच्या जुन्या यंत्रावर सीएस६ किंवा त्याआधीचे इनडिझाइन आहे, त्यांनी महत्त्वाच्या पेजमेकर फाइली तिथेच उघडून इनडिझाइनच्या रूपात जतन कराव्यात. त्या फाइली नवे इनडिझाइन उघडते. ते नसेल तर पेजमेकरमधूनच पाने पीडीएफ करून घ्यावीत, मजकूर वेगळा काढून ठेवावा आणि पुढे परिवर्तकाने, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरने, युनिकोडमध्ये आणावा. परिवर्तकाने आणलेला मजकूर डोळ्यांखालून घातल्याशिवाय छापायला पाठवू नये. रफार आणि जोडाक्षरे यांत तो हमखास चुकतो.

सेटिंग आणि हाताशी असलेली अवजारे

सॉफ्टवेअरचा प्रोग्राम फाइल्समधला फोल्डर उचलून नव्या यंत्रावर ठेवल्याने ते चालत नाही. ते तिथे नव्यानेच बसवावे लागते. ॲडोबीच्या वैयक्तिक वर्गणीवर दोन यंत्रांवर साइन-इन राहता येते, म्हणून संक्रमणाच्या काळात दोन्हीकडे काम चालू ठेवता येते. कोरलचा सीरियल क्रमांक आणि खात्याचा पासवर्ड आपल्या वहीत आहेच.

फोटोशॉपमधले ब्रश, ग्रेडियंट, स्वॉचेस हे एडिट मेनूतील प्रीसेट्सच्या निर्यातीने बाहेर काढावेत आणि नव्या यंत्रावर आयात करावेत. ॲक्शन, म्हणजे एकदा नोंदवून पुन्हा चालवता येणाऱ्या कृतींची मालिका, मात्र पॅनेलमधून प्रत्येक संच निवडून एटीएन फाइल म्हणून जतन करावेत, कारण जतन न केलेले ॲक्शन फक्त सेटिंगच्या एका अंतर्गत फाइलीत असतात आणि पसंती (प्रेफरन्सेस) रीसेट झाल्या की नाहीसे होतात. पासपोर्ट फोटोचा आठ प्रतींचा ॲक्शन ज्याने दहा वर्षांपूर्वी बसवला त्याला आता तो कसा केला होता हे आठवत नसते. कोरलची कार्यजागा पर्यायांच्या चौकटीतून निर्यात करता येते, इनडिझाइन आणि इलस्ट्रेटरचे शॉर्टकट आपण नाव देऊन जतन केलेले असतील तर त्यांच्या फाइली ॲपडेटामध्ये सापडतात, आणि वॅकमच्या चित्र काढायच्या टॅबलेटची सेटिंग त्याच्याच उपयोजनातून जपून ठेवता येते.

रंगाच्या बाबतीत काय न्यावे आणि काय नेऊ नये याचा विवेक हवा. कलर सेटिंगची फाइल आणि छापखान्याने दिलेले आयसीसी प्रोफाइल, म्हणजे रंग कसे उमटतात याचे वर्णन करणाऱ्या फाइली, न्यावेत. मॉनिटरचे प्रोफाइल नेऊ नये. ते त्या पडद्याचे असते, आणि नव्या पडद्याला ते लावणे म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालणे.

इथे मराठीसाठी एक महत्त्वाचे सेटिंग येते, आणि नव्या यंत्रावर ते दरवेळी मूळ स्थितीत असते. इनडिझाइनमध्ये युनिकोड देवनागरी नीट जुळण्यासाठी वर्ल्ड-रेडी कंपोजर हा अक्षरजुळणीचा पर्याय लागतो. तो नसेल तर ‘किल्ला’ या शब्दातली वेलांटी ‘क’च्या पुढे जाऊन पडते आणि ‘ल्ल’ पाय मोडलेला ‘ल’ आणि साधा ‘ल’ असा फुटतो. जुन्या फाइलींतील परिच्छेदांना तो लागलेला असतो, परंतु नव्या फाइलींसाठी, कोणतीही फाइल उघडी नसताना, परिच्छेद पॅनेलच्या मेनूतून तो निवडून ठेवावा. इलस्ट्रेटरमध्ये पसंतींच्या टाइप विभागात भारतीय भाषांचे पर्याय दाखवण्याची खूण करावी लागते. कॅरेक्टर पॅनेलमधील भाषा मराठी ठेवावी, कारण काही ओपनटाइप फॉन्टांमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ भाषा मराठी निवडल्यावरच येतात.

प्रत करणे आणि पडताळणे

बाहेरची डिस्क विंडोज आणि मॅक दोन्हीकडे लागणार असेल तर ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावी. एनटीएफएसची डिस्क मॅक वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही, आणि फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. मराठी नावांचे फोल्डर एकात एक खोलवर असतील तर विंडोजची २६० अक्षरांची मर्यादा आड येते आणि काही फाइली मागे राहतात. प्रत संपताना आलेला संदेश न वाचता ‘स्किप’ दाबण्याची सवय इथे घातक ठरते. प्रत झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरच्या गुणधर्मांत फाइलींची संख्या आणि बाइटांचा आकडा ताडून पाहावा. दोन आकडे जुळले तर पुढे जावे, एका फाइलीचा फरक असला तरी तो शोधावा.

पडताळणीसाठी जुन्या यंत्रावर एक चाचणी पान तयार करावे. नेहमी वापरातल्या प्रत्येक फॉन्टमध्ये ‘श्रीक्षेत्र, ज्ञानेश्वरी, तऱ्हा, हृदय, द्वंद्व, ट्रॅक्टर, ऑक्टोबर, वाङ्मय, शुद्धलेखन, रु. १,२५०/-’ ही ओळ घ्यावी, शेजारी फॉन्टचे नाव लिहावे आणि पानाची पीडीएफ करून छापील प्रतही काढावी. नव्या यंत्रावर तेच पान उघडून छापील प्रतीशेजारी धरले की कोणत्या फॉन्टचा ‘ऱ्ह’ हरवला आणि कुणाचा ‘द्व’ फुटला हे पाच मिनिटांत कळते. त्यानंतर पॅकेज केलेल्या कामांपैकी पाच-सहा फाइली उघडून त्यांची सोबतच्या पीडीएफशी पानागणिक तुलना करावी. आवृत्ती बदलली की एखादी ओळ पुढच्या पानावर सरकते आणि अनुक्रमणिका चुकते.

या काळात एक पथ्य काटेकोरपणे पाळावे. नव्या इनडिझाइनमध्ये जुनी फाइल उघडली की तिच्या नावापुढे कन्व्हर्टेड असे दिसते. ती त्याच नावाने जुनीवर जतन केली तर जुन्या यंत्रावरचे इनडिझाइन तिला उघडणार नाही. म्हणून कोणते काम कोणत्या यंत्रावर चालले आहे हे वहीत लिहावे आणि नव्या यंत्रावरची फाइल वेगळ्या नावाने ठेवावी.

महिनाभरानंतर, एक काम छापखान्यात जाऊन प्लेट निघून आल्यावर, जुन्या यंत्रावरून ॲडोबीतून साइन-आउट करावे आणि कोरलच्या खात्यात जुन्या यंत्राची नोंद असेल तर ती काढावी. यंत्र विकायचे असले तरी त्यातली डिस्क काढून घ्यावी, तिच्यावर बिटलॉकर हे विंडोजचे डिस्क-कुलूप चालू असेल तर ते उघडणारी रिकव्हरी की आधीच वहीत उतरवावी, डिस्कवर तारखेची चिठ्ठी लावावी आणि वहीसकट कपाटात ठेवावी.